शस्त्राचे सौम्य नाव



शस्त्राला सौम्य नाव दिल्याने ते बोथट होत नाही. बोथट होते ती ते चालवणाऱ्याची सावधगिरी. रबरी आणि प्लॅस्टिकच्या गोळ्यांना प्रारंभी ‘अघातक’ म्हटले जाई. माणसे मरू लागली, तेव्हा तोच माल ‘कमी घातक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. स्वसंरक्षणासाठी अशी शस्त्रे सामान्य नागरिकाच्या हाती द्यावीत काय, याचा निर्णय करण्यापूर्वी ज्या देशाने ती दिली त्याचा अनुभव तपासणे इष्ट ठरेल.

तो देश म्हणजे रशिया. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यानंतर गुन्हेगारी बोकाळली आणि संरक्षण ही बाजारात विकत घेण्याची वस्तू बनली. १९९९ साली ‘ओसा’, म्हणजे गांधीलमाशी, या नावाचे पिस्तूल आले. त्याची गोळी रबराची, परंतु गाभा धातूचा. हल्लेखोराला वेदना देऊन थोपवावे, मारू नये, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात मात्र क्षुल्लक भांडणांतही अशी पिस्तुले बाहेर निघू लागली. ६ डिसेंबर २०१० रोजी मॉस्कोतील एका मारामारीत अशाच गोळीने एक तरुण फुटबॉलप्रेमी मरण पावला. पाच दिवसांनी क्रेमलिनलगतच्या मानेझ चौकात वंशद्वेषाचा उद्रेक झाला. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या आणि जुलै २०११ पासून अमलात आलेल्या कायद्याने ही पिस्तुले बंदुकांच्याच वर्गात घातली व त्यांच्या माऱ्याला ९१ ज्यूलची मर्यादा घातली.

परंतु मर्यादा ऊर्जेला घालता येते, अंतराला आणि नेमाला नव्हे. जी गोळी दुरून मांडीवर वळ उठवते, तीच जवळून डोळ्यात वा कानशिलात शिरली तर प्राण घेते. शिस्तबद्ध दलांच्या हातीही हेच घडले आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश लष्कराने १९७० साली रबरी आणि १९७३ साली प्लॅस्टिकच्या गोळ्या आणल्या. त्यांनी १७ जणांचे बळी घेतले, त्यांत मुलेही होती. विविध देशांतील नोंदींचा जो वैद्यकीय आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यातील १,९८४ जखमींपैकी ५३ दगावले आणि ३०० जणांना कायमचे अपंगत्व आले. प्रशिक्षित सैनिकाला जे साधत नाही, ते भेदरलेल्या नागरिकाला साधेल, असे मानण्यास आधार नाही.

मग रात्रपाळीहून एकटी परतणाऱ्या कामगार स्त्रीने काय करावे? तिला धीर धरण्याचा उपदेश करणे हा निव्वळ ढोंगीपणा होय. आत्मसंरक्षणाचा हक्क तिला आहेच. पूर्वी भारतीय दंडसंहितेने तो मान्य केला होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ तो मान्य करतात. मात्र संरक्षणास आवश्यक तेवढीच इजा करण्याची मुभा कायदा देतो. हातातील शस्त्राचे नाव सौम्य होते, एवढ्याने झालेला मृत्यू क्षम्य ठरत नाही.

शिवाय हक्क कायद्याने मिळतो, शस्त्र पैशाने. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर काढले. ते खरी गोळी झाडणारे. किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या स्त्रीला रात्री पायी चालणे भाग आहे, तिला ते कधीच परवडणार नव्हते. उद्या स्वस्त रबरी गोळी आली, तरी ती हल्लेखोरालाही तितकीच स्वस्त मिळेल.

सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तू आहे. दिव्यांचा रस्ता, रात्रीची शेवटची बस, तक्रार विनाविलंब नोंदवणारे पोलीस ठाणे, ही तिची साधने. त्यांची मागणी सोडून जो समाज नागरिकाच्या हाती पिस्तूल देतो, तो त्याला सबळ करीत नाही, एकटे पाडतो. कार्यकर्त्यांनी प्रत्येक वस्तीत आधी अंधारे रस्ते मोजावेत. लढ्याचा आरंभ तेथूनच व्हायला हवा.