फुप्फुसाच्या गाठीतील राखणदार
(मुळशी तालुक्यातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसणे हा माझा व्यवसाय. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा केसाहून पातळ कापायचा, रंगवायचा आणि पाहायचा. फुप्फुसाच्या कर्करोगाचा तुकडा असा पाहिला, की प्रथम मोठ्या, ओबडधोबड पेशींचे पुंजके दिसतात. ते कर्करोगाचे. त्यांच्या आसपास मोहरीच्या दाण्यांसारखे निळसर-काळे ठिपके असतात. ह्या लिंफोसाइट पेशी, आपल्या शरीराचे राखणदार. जंतू आला की धावून जाणाऱ्या ह्याच.

पूर्वी आम्ही अहवालात त्यांची एका ओळीत नोंद करीत असू आणि पुढे जात असू. पण २००८ साली पॅरिसच्या संशोधकांनी दाखविले, की काही रुग्णांच्या गाठीतच ह्या पेशी आपले छोटे तळ ठोकून असतात. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या गाठीत असे तळ भरपूर, ते अधिक काळ जगतात. पुढे इतर देशांतूनही असेच निष्कर्ष आले. मात्र नुसती गर्दी उपयोगाची नाही. राखणदार पुंजक्यांच्या आत शिरले आहेत, की बांधावरच उभे आहेत, हे पाहावे लागते. शिवाय सर्वच पेशी आपल्या बाजूच्या नसतात. काही तर गाठीलाच सामील झालेल्या असतात!

आत शिरूनही ह्या पेशी कित्येकदा स्वस्थ का बसतात? त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाची एक कळ असते. जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने ती १९९२ साली शोधली. कर्करोगाची पेशी ती कळ दाबते आणि राखणदार थंड पडतो. ही कळ झाकणारी औषधे आता आहेत. २०१८ चे नोबेल पारितोषिक होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना अशाच शोधांबद्दल मिळाले. ही कळ दाबणारा पदार्थ ज्यांच्या गाठीत पुष्कळ होता, अशा पसरलेल्या रोगाच्या निवडक रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. नेहमीच्या केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरात सुमारे १६ जिवंत होते. नव्या औषधाने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ३२. दुप्पट खरे, पण उरलेले ६८ विसरू नका.

आणि किंमत? पूर्ण उपचाराला काही लाख रुपये लागतात. भातखाचरावर जगणाऱ्या घराने ते आणायचे कोठून? इथे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे काम अभिमानाने सांगतो. तेथील डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगाच्या बळावलेल्या रुग्णांना नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब इतर स्वस्त गोळ्यांबरोबर दिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. फुप्फुसासाठी हा नियम झालेला नाही. पण प्रश्न कोणी विचारायचा हे त्यांनी दाखविले. मुलांनो, विशेषतः विज्ञान शाखेच्या मुलींनो, असे प्रश्न तुमची वाट पाहात आहेत.

आता घरची गोष्ट. माझे एक चाचा बिडी ओढीत. खोकला झाला, छातीच्या फोटोत डाग दिसला आणि थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच महिने गेले. मग गाठीचा तुकडा काढायचे ठरले, तर वडीलधारे म्हणाले, "सुई लागली की रोग उधळतो." मी तेव्हा विद्यार्थी होतो, गप्प बसलो. सुईने फुप्फुसाला कधीकधी इजा होते, ती डॉक्टर सांभाळतात; पण त्या भीतीपायी तपासच टाळण्याचे काही कारण नाही. चाचांच्या गाठीत राखणदार किती होते, हे कोणालाच कळले नाही.

म्हणून पालकांना एवढेच. दोन आठवड्यांवर खोकला राहिला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर थुंकी तपासून घ्या. क्षयाच्या औषधाने उतार पडला नाही, तर पुढचा तपास मागा. तुकडा काढला, तर तो मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. मोठ्या रुग्णालयात जाताना तो ठोकळा आणि काचपट्ट्या पावती देऊन मागून घ्या. मेण वितळेल अशा ठिकाणी, चुलीजवळ वा उन्हात, ठेवू नका. पीडी-१ ची कळ दाबणारा पदार्थ गाठीत किती आहे, ही तपासणी त्याच ठोकळ्यावर होते.