पाहुण्याच्या माथी

(पिरियापट्टण येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या तालुक्यातील बैलकुप्पेच्या सुवर्णमंदिरात सुटीच्या दिवशी आखूड कपड्यांतला एखादा गोरा प्रवासी दिसला की, "या लोकांनीच आपला धर्म बुडविला" असा उद्गार आपल्यापैकी कोणाच्या तरी मुखातून हटकून बाहेर पडतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गोड बोलण्याची प्रथा आहे. ती थोडी मोडून हा उद्गार आज तपासून पाहावा, असे मनात आहे.

बैलकुप्पेपासूनच प्रारंभ करू. म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर १९६०-६१ च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची ही वसाहत उभी राहिली. परदेशी नागरिकाला तेथे मुक्काम करावयाचा तर केंद्रीय गृहखात्याचा परवाना लागतो. म्हणजे परकीय प्रवाशावर पहारा येथे आधीपासूनच आहे. तरीही २००८ साली तेथील सेरा मठात फूट पडली. दोर्जे शुगदेन या देवतेची उपासना करावी की नाही, हा तो वाद. उपासकांनी सेरपोम नावाचा निराळा मठ स्थापिला. पाश्चात्त्य शिष्यांनी या प्रश्नावर दलाई लामांच्या सभांबाहेर निदर्शने केली, हे खरे. पण वादाची पाळेमुळे सतराव्या शतकातील तिबेटात आहेत. परवाना तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ही फूट कशी अडविता येणार? ती निर्वासितांबरोबरच हिमालय ओलांडून आली होती.

दुसऱ्यांच्या मठाविषयी इतके बोलल्यावर आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. मराठी माणसाला गोमंतक परका नाही. १९६१ च्या मुक्तीनंतर काही वर्षांतच हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर हिप्पी आले. त्यांच्या नागव्या फिरण्याचे किंवा चरस-गांजाचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्यांना खोल्या भाड्याने दिल्या त्या गावकऱ्यांनीच. सायंकाळी त्यांच्या नावाने बोटे मोडणारा मनुष्य सकाळी त्यांच्याकडून भाडे घेत होता.

पुढे १९८५ नंतर परदेशातून थेट चार्टर विमाने येऊ लागली, आणि १९८७ साली 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जर्मन प्रवाशांचे स्वागत शेणाने केले. संघटनेचे आक्षेप पोकळ नव्हते. मोठी हॉटेले गावाचे पाणी ओढतात, किनारा अडवितात, हे दुःख खरेच होते. पण हॉटेलाला परवानगी प्रवासी देत नाही. ती कोणाच्या तरी सहीने मिळते. सरकारी नोकरीत उभी हयात गेल्यामुळे सहीचा महिमा मी जाणतो. शेण मात्र सही करणाराच्या अंगावर पडले नाही.

याच्या अवघे वर्षभर आधी, १९८६ च्या डिसेंबरात, राजभाषेच्या प्रश्नावरून त्याच गोव्यात जाळपोळ झाली, माणसे प्राणांस मुकली. कोंकणी की मराठी, या प्रश्नाआड हिंदू आणि ख्रिस्ती, सारस्वत आणि बहुजन अशा सगळ्या जुन्या रेषा उमटल्या. किनाऱ्यावर ऊन खात पडलेल्या जर्मनाला त्यातले अक्षरही कळत नव्हते. त्या भांडणात आपण मराठी भाषक एक पक्ष होतो, हे या व्यासपीठावरून कोणी सहसा बोलत नाही.

२०१२ च्या सुमारास फोंडा तालुक्यातील एकदोन प्रसिद्ध देवस्थानांनी परदेशी प्रवाशांना मंदिरप्रवेश बंद केला. कारण दिले पोशाखाचे. पोशाखाचा नियम करण्यास माझी हरकत नाही. तो कपड्यापुरता असावा, पारपत्रापुरता नव्हे. पण पाहा, महाजन कोण आणि मान कोणाचा, हे गोव्याच्या देवळांत पिढ्यान् पिढ्या कुळावरून ठरत आले. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ ची नियमावली त्याचा आधार. देवापुढच्या मानपानावरून गावेच्या गावे न्यायालयात गेली आहेत. त्या दाव्यांत वादी आपला आणि प्रतिवादीही आपलाच.

महाराष्ट्रातही निराळे नाही. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपवास करावा लागला, तेव्हा कोठे विठोबाचे दार हरिजनांना उघडले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रीला चढू देण्यास २०१६ साल उजाडले. या तिन्ही दारांत अडविलेल्यांपैकी कोणी विमानाने आलेला नव्हता.

प्रवाशाने गुन्हा केला तर त्याला जरूर पकडावे. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा देशी-परदेशी असा भेद करीत नाही. विकणारा, विकत घेणारा आणि जागा देणारा, सर्वच त्याच्या कक्षेत येतात. तक्रार करावयाची तर या तिघांचीही करावी, आणि तिसऱ्याचे घर बहुधा आपल्याच आळीत असते.