नाटकाचा उजेड प्रथम कागदावर

(राजुरा येथें पॅरिशमधील तरुण नाट्यमंडळीपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीनिमित्त आपलीं मुलें एका खाणकामगाराच्या घरावरील नाटक बसवीत आहेत. त्यांतील दिव्यांविषयीं मीं चार शब्द सांगावे अशी आज्ञा झाली. मी वक्ता नव्हें, दिवे लावणारा मनुष्य आहें; तेव्हां प्रथम माझीच फजिती सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका नाटकांत मीं सारे दिवे समोरून, आणि तेही खालून, लाविले होते. शेवटच्या प्रवेशांत आई मुलाच्या प्रेतावरून हात फिरविते. तिनें हात उचलला मात्र, मागच्या पांढऱ्या पडद्यावर राक्षसाच्या पंजासारखी सांवली उभी राहिली. एक पोर खुदकन् हंसलें आणि मग सारा मांडव हंसला. त्या बाईंची महिनाभराची तालीम मातींत गेली. मीं दिवे मोजले होते, प्रसंग पाहिला नव्हता.

तेव्हांपासून दिव्याला हात लावण्यापूर्वीं मी कागद घेतों, आणि तोही काळा. काळ्या कागदावर खडूनें काढूं लागलें म्हणजे उजेडाच्या प्रत्येक रेघेला कारण द्यावें लागतें. स्वित्झर्लंडचे आदोल्फ आपिया ह्यांनीं १८९० नंतरच्या दशकांत वाग्नर ह्यांच्या संगीतनाटकांसाठीं छायाप्रकाशाचीं चित्रें काढिलीं. रंगविलेल्या पडद्याचें काम त्यांनीं उजेडाकडे सोंपविलें.

परंतु उजेड हलतो. एका चित्रानें भागत नाहीं. म्हणून प्रत्येक बदलासाठीं एक लहान चौकट काढून त्या ओळीनें भिंतीवर लावाव्या. बोलपटवाले हेंच करितात. सत्यजित राय ह्यांनीं 'पथेर पांचाली' (१९५५) प्रथम चित्रांच्या वहींतच मांडला होता. चौकटीखालीं लिहावें, कोणत्या शब्दावर उजेड बदलतो, तो कोठून येतो, आणि काय अंधारांत राहातें. हें शेवटचें लिहावयास बहुतेक विसरतात.

आपल्या नाटकाची सहावी चौकट पाहा. रात्रपाळीचा नवरा परतलेला नाहीं. बाई वाट पाहात आहे. मुलांनीं तीन चित्रें काढिलीं. पहिल्यांत सारें घर उजळलेलें, दुसऱ्यांत केवळ चेहरा. तिसऱ्यांत उंबऱ्यावर चांदण्याची पट्टी, आणि बाई अर्ध्या अंधारांत, तोंड दाराकडे. खाणींत आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ तें पाहून हळूच म्हणाले, "आमच्या घरीं अशीच बसे." चर्चा तेथेंच संपली.

शेवटच्या प्रवेशासाठीं मुलांच्या मनांत 'अंगार' आहे. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरांत १९५९ सालीं उत्पल दत्त ह्यांनीं तें नाटक केलें. त्यांत खाणींत पाणी चढतें आणि मजूर बुडतात. तापस सेन ह्यांनीं तें पाणी केवळ उजेडानें चढविलें. आपण अवश्य प्रयत्न करूं. पण पाणी कोणत्या वाक्याला गुडघ्याशीं, कोणत्या वाक्याला छातीशीं, हें आधीं चौकटींत दिसलें पाहिजे.

शिवाय आपला रंगमंच उघड्या मैदानांतला. शेजारच्या झाडीपट्टींत वडशाहून निघणाऱ्या मंडळ्या धानाची कापणी झाल्यावर गांवोगांव रात्रभर प्रयोग करितात, त्यांना विचारा. सूर्य मावळेपर्यंत दिव्याचा उजेड दिसतच नाहीं, आणि मावळल्यावर प्रेक्षक येऊन बसलेले असतात. तपासावयाला वेळ मिळतो तो कागदावरच.

बुधवारीं संध्याकाळीं मी काळे कागद व खडू घेऊन येतों. सहावी चौकट तशीच राहूं द्या. बाकीच्या पुन्हां काढावयाच्या आहेत.