स्क्रीनवर ८९, बॉनेटमधून वाफ: गाडीत स्वतःचे सेन्सर लावण्याआधी

आजचा विषय गाडीचा आहे. पण मायलेज किती, टॉर्क किती, त्यातलं काही नाही. आज बोलायचंय डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्याबद्दल. कंपनीने दिलेल्या नाही, तर आपण बाहेरून सेन्सर आणून, स्क्रीन लावून, हौसेने दाखवतो त्या आकड्याबद्दल. आणि सुरुवात माझ्याच फजितीने करतो.

बाबांची गाडी २०१४ सालची, पेट्रोल हॅचबॅक. तिच्या मीटरमध्ये टेंपरेचरचा काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, फार तापलं की लाल दिवा, मधे काही नाही. मला हे बघवत नव्हतं. आपण दिवसभर सर्व्हरचे ग्राफ बघणारी माणसं, आणि इथे अख्ख्या इंजिनसाठी दोन दिवे! म्हणून मी एक ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर घेतला आणि जुना फोन डॅशबोर्डवर चिकटवला.

हे चालतं कसं, ते थोडक्यात. भारतात चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. स्टिअरिंगच्या खाली हात घातला की १६ पिनांचं सॉकेट लागतं. त्यातली ६ आणि १४ नंबरची पिन म्हणजे कॅन बसच्या दोन वायरी. अडॅप्टर इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, विचारतो: ०१ ०५. अर्थ, कूलंटचं तापमान सांग. उत्तर येतं ४१ ०५ आणि पुढे एक बाइट. समजा ७बी आला. हेक्समधला ७बी म्हणजे १२३, त्यातून ४० वजा, तापमान ८३ अंश. बस, एवढंच. शनिवारच्या एका दुपारचं काम.

सहा महिने मजेत गेले. बाबापण खूश. सिग्नलला थांबलो की म्हणायचे, "किती झालं रे?" मी म्हणायचो, "९१, बाबा. एकदम मस्त."

मग दिवाळीनंतर आम्ही चिपळूणहून पुण्याला निघालो. पोफळी सोडलं, कुंभार्ली घाट चढायला लागलो. गाडीत चौघं, डिकी भरलेली, एसी चालू. अर्ध्या घाटात बाबा म्हणाले, "गोडसर वास येतोय रे. काच खाली कर बघू." मी स्क्रीनकडे बघितलं. ९८ होता. पुढच्या मिनिटाभरात ८९ झाला. मी म्हटलं, "बाबा, काही नाही, फॅन लागला असेल. बघा, उतरलं पण." बाबा गप्प बसले. कारण पोरगा इंजिनियर, आणि समोर आकडा.

चार-पाच वळणं गेली आणि गाडी ओढेना. खडखड आवाज यायला लागला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. तेव्हासुद्धा स्क्रीनवर नव्वदच्या आतबाहेर काहीतरी होतं. आणि लाल दिवा? तो लागलाच नाही.

गाडी टो करून कराडला नेली. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडलं, खालचा होज हलवून दाखवला. क्लॅम्प ढिला होऊन सगळं कूलंट रस्त्यावर गेलं होतं. हेड गॅस्केट गेलं, हेडला फेसिंग करावं लागलं. बिल २८,००० रुपये. मी फोन पुढे करून म्हटलं, "काका, पण इथे तर ८९ दाखवत होतं." त्यांनी फोनकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अरे, सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तर पाण्याचं सांगणार. पाणीच नाही तर तो बिचारा काय सांगणार?"

मंडळी, आजचा अख्खा भाग या एका वाक्यावर आहे.

कूलंटचा सेन्सर ईसीयूला इंजिनचं तापमान सांगत नाही. तो स्वतःच्या टोकाचं तापमान सांगतो. टोकाभोवती कूलंट आहे तोवर दोन्ही जवळपास सारखं. कूलंट उतरलं की टोक वाफेत आणि हवेत लटकतं. द्रवाच्या मानाने हवा उष्णता फार कमी पोचवते. खाली धातू भाजतोय आणि वर सेन्सर आरामात. आणि आमच्या गाडीत लाल दिवासुद्धा त्याच सेन्सरवर चालतो. म्हणजे माझी स्क्रीन ही काही दुसरी साक्ष नव्हती. एकाच साक्षीदाराला मी दोनदा विचारत होतो.

घरी येऊन लॉग उघडला तर सगळं त्यात होतं. दुसरा गिअर, आरपीएम ३००० च्या वर, इंजिनवर लोड ८० टक्क्यांपुढे, आणि तापमान चाळीस सेकंदांत ९ अंशांनी खाली. भर चढात, फुल लोडवर, इंजिन असं एकदम थंड कशाला होईल? फॅनने थोडा फरक पडतो, मान्य. पण हा आकडा संशय घेण्यासारखा होता, आणि मी त्याचा आनंद मानला.

आणि तो वास. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, गळून गरम भागावर पडलं की गोडसर वास येतो. बाबांच्या नाकाला कळलं होतं. मी आकडा दाखवून त्यांना गप्प केलं. २८,००० पेक्षा हे मला जास्त लागलं.

तर मग दुसरी आवृत्ती केली. आता तुमच्यातल्या ज्यांना असलं काही करायचंय, त्यांनी कान देऊन ऐका.

पहिली गोष्ट, वेगळी साक्ष आणा. मी एक एनटीसी थर्मिस्टर घेतला, वॉशरसारखं भोक असलेला, जो बोल्टखाली बसतो. तो सिलिंडर हेडवरच्या एका ब्रॅकेटच्या बोल्टखाली लावला. हेडच्या मुख्य बोल्टला हात लावायचा नाही, त्यांचा टॉर्क ठरलेला असतो. हा सेन्सर धातूचं तापमान सांगतो. कूलंट गेलं तर याचा आकडा वर जातो, खाली नाही. ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याला जाणारे लोक अशा अलार्मचे तयार सेट वापरतात, ही काही माझी आयडिया नाही.

इथे एक मोठी चूक होते. काही जण म्हणतात, वेगळा सेन्सर कशाला, कंपनीच्या सेन्सरची वायर आहे तिलाच टॅप मारू. नका करू. तो सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स आहे आणि ईसीयू त्यावरचा व्होल्टेज मोजतो. तुम्ही समांतर काही जोडलं की व्होल्टेज बदलू शकतो. मग ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा गरम वाटणार आणि तो पेट्रोलचं गणित चुकवणार.

दुसरी गोष्ट, ऑइल प्रेशर. ओबीडीच्या नेहमीच्या यादीत ऑइल प्रेशर नाहीच. गाडीत जो लाल ऑइल दिवा असतो, तो साध्या स्विचवर चालतो आणि बहुतेक गाड्यांत प्रेशर साधारण अर्धा बार किंवा त्याहून खाली गेल्यावरच लागतो. हायवेवर ३००० आरपीएमला तो दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. म्हणून बाहेरचा सेन्सर लावायचा. बाजारात मिळतो तो तीन वायरींचा: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. शून्य प्रेशरला सिग्नल ०.५ व्होल्ट, १० बारला ४.५ व्होल्ट.

आता मला सांगा, शून्य प्रेशरला शून्य व्होल्ट का नाही? मलाही आधी हे विचित्र वाटलं होतं. पण त्यातच शहाणपण आहे. शून्य प्रेशरला ०.५ असेल, तर ०.१ व्होल्टचा अर्थ प्रेशर गेलं असा होत नाही, वायर तुटली असा होतो. इनपुटला एक पुल-डाऊन रेझिस्टर लावा, म्हणजे वायर निघाली की सिग्नल हवेत न लटकता खाली शून्यावर येईल. ४.५ च्या वर गेलं तर कुठेतरी शॉर्ट. 'इंजिन मरतंय' आणि 'सेन्सर मेलाय' या दोन वेगळ्या बातम्या आहेत, आणि स्क्रीनवर त्या वेगळ्याच दिसल्या पाहिजेत.

बसवताना जपा. ऑइल स्विचच्या जागी टी जोडून एका बाजूला जुना स्विच ठेवायचा, दुसऱ्या बाजूला नवा सेन्सर. पण आटे बघून घ्या. एनपीटी, बीएसपीटी आणि मेट्रिक आटे दिसायला सारखे, पण जबरदस्तीने बसवले की गळणार. जुना स्विच एका वायरीचा असेल तर त्याचं ग्राउंड आट्यांमधूनच मिळतं. भसाभस टेफ्लॉन टेप गुंडाळली तर तेच तुटू शकतं. आणि जड सेन्सर पितळी टीवर लटकवू नका. इंजिन सतत थरथरतं, टी तडकला तर सगळं ऑइल बाहेर. इंजिन वाचवायला लावलेल्या वस्तूनेच इंजिन घालवायचं, असं नको. मी ऑइलला चालणारा छोटा होज घेऊन सेन्सर बाजूला बॉडीवर बसवला. हे काम मी स्वतः केलं नाही, मिस्त्रीकडून करून घेतलं. तुम्हीही तेच करा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी दहा वेळा विचार करा.

तिसरी गोष्ट, पॉवर. गाडीचे १२ व्होल्ट म्हणजे फक्त म्हणायला १२. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, स्टार्टर मारताना बरेच खाली, आणि मधेच मोठे झटके. म्हणून फ्यूज, टीव्हीएस डायोड आणि बऱ्यापैकी बक कन्व्हर्टर. मी ईएसपी३२ बोर्ड वापरला, पण व्होल्टेज मोजायला वेगळी १६ बिटांची एडीसी चिप घेतली. ईएसपी३२ च्या पिनला ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही, आणि तिची स्वतःची एडीसी दोन्ही टोकांना सरळ मोजत नाही.

चौथी गोष्ट, आकडा तपासून घ्या. थर्मिस्टर आधी बर्फाच्या पाण्यात धरला, मग उकळत्या पाण्यात. आणि उकळत्या पाण्यात १०० येणार नाही बरं का! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. मी तासभर कोड तपासत बसलो होतो की दोन अंश गेले कुठे. कोड बरोबर होता.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचं काम आहे. स्क्रीनवर काय दाखवायचं, त्याआधी काय दाखवायचं नाही ते ठरवा.

माझे चार नियम आहेत. एक, दोन सेकंदांपेक्षा जुना आकडा स्क्रीनवर राहणार नाही, तिथे दोन आडव्या रेघा येणार. ब्लूटूथ अडकला आणि मगाचा ९१ तसाच दिसत राहिला, तर ते खोटं बोलणं झालं. दोन, धोक्याची पातळी एकच ठेवायची नाही. गरम इंजिनला आयडलवर सव्वा बार ऑइल प्रेशर चालतं, पण ३००० आरपीएमला तेवढंच असेल तर गडबड आहे. म्हणून प्रेशर नेहमी आरपीएमसोबत बघायचं. आपल्या गाडीचं नेहमीचं प्रेशर किती, ते महिनाभर लॉग करून ठरवा, दुसऱ्याच्या गाडीचं उचलू नका. तीन, कूलंट आणि धातू यांचे आकडे एकमेकांपासून फटकायला लागले की लगेच पिवळं. त्या दिवशी घाटात हे असतं तर गाडी वेळेत बाजूला घेतली असती. चार, सगळं ठीक असेल तर स्क्रीन अंधारी. विमानाच्या कॉकपिटमध्येही हीच पद्धत असते, दिवे बंद म्हणजे सगळं आलबेल. गाडी चालवणाऱ्याने रस्ता बघायचा की आठ रंगीत मीटर? फक्त गाडी सुरू करताना स्क्रीन तीन सेकंद सगळे सेन्सर दाखवते, म्हणजे ती स्वतः जिवंत आहे हे कळतं.

आणि पिवळं किंवा लाल आलं तर काय करायचं, हेही आधीच ठरवा. सुरक्षित जागा बघून थांबायचं. तापमानाची तक्रार असेल तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की उसळून अंगावर येतं. चांगलं अर्धा-पाऊण तास थांबा.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. कुंभार्लीच्या चढाला स्क्रीन अंधारी होती. बाबा म्हणाले, "बंद पडलं का रे तुझं?" म्हटलं, "नाही बाबा, सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे." ते हसले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "थांबव जरा, काहीतरी वास येतोय."

मी लगेच थांबवली. बॉनेट उघडलं, होज बघितले, क्लॅम्प बघितले, कूलंटची पातळी बघितली. सगळं ठीक होतं. वास पुढे चाललेल्या ट्रकच्या ब्रेकचा होता. पाच मिनिटं गेली, चहा झाला, निघालो.

पण त्यांनी सांगितलं आणि मी थांबलो. माझ्या सिस्टीममध्ये आता तोही एक सेन्सर आहे, आणि त्याला माझ्याकडून कधीच "काही नाही" असं उत्तर जाणार नाही.

चला मंडळी, आज इथेच थांबू. घाटात जाणार असाल तर निघण्याआधी, गाडी थंड असतानाच, कूलंटची पातळी एकदा डोळ्यांनी बघा. त्याला ना ईएसपी३२ लागतं, ना कोड. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!