दसऱ्याला भरलेली टाकी



आमच्या शेंदूरजनाघाटचा माणूस म्हटलं की समोरचा संत्र्याच्या कलमांबद्दल विचारतो. जंभेरीच्या खुंटावर डोळा कधी भरायचा, रोप किती वर्षांचं घ्यायचं. मीही रोपवाटिकावालाच. पण आज बोलणार आहे ते माझ्या बैठकीतल्या सहा फुटी काचेच्या टाकीबद्दल आणि तिच्यातल्या मोठ्या सिक्लिड माशांबद्दल.

टाकी आली त्या दिवशी शेजारचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "काकाजी, प्याले पानी नाही अन् तुमी मासोयाईले टाकं बांधून रायले?" त्याचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. वरूड तालुक्यात भूजलाचा अतिउपसा झालेला आहे. बोअर खोल गेल्या तरी पाणी लागेलच असं नाही. त्याला उत्तर दिल्याशिवाय हा छंद करायचा नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. उत्तराकडे येतोच.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्यांदा मी दोन फुटांची टाकी आणली आणि तिच्यात ऑस्करची दोन पिल्लं सोडली. दोन-दोन इंचांची, काळ्या अंगावर नारिंगी रेघा, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका. विकणारा म्हणाला, टाकी पुरेल. ऑस्कर हा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड. लहानपणी तो महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतो, वर्ष-दीड वर्षात फुटाचा होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. माझे दोन्ही मासे सातव्या महिन्यात गेले. टाकीत त्यांना वळायलाही जागा उरली नव्हती. मूल वाढेल म्हणून आपण कपडे थोडे मोठे शिवतो. मी मात्र दहा वर्षं जगणाऱ्या जिवाला पाळण्यातच ठेवलं होतं.

सिक्लिड हे नाव परकं वाटलं तरी हे कूळ आपल्या ओळखीचं आहे. उजनी धरणातून बाजारात येणारी चिलापी सिक्लिडच. तिचं मूळ आफ्रिकेत. तिची एक जात 1952 मध्ये भारतात आणली गेली. कोकणातल्या खाड्यांमधला कालुंदर हा मात्र आपला स्वतःचा सिक्लिड. तोच केरळात करीमीन, तिथला राज्यमासा. या कुळाचा मोठा गुण म्हणजे पिल्लांची राखण. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. ऑस्करसारख्या सिक्लिडचं जोडपं आधी तोंडाने दगड घासून स्वच्छ करतं, त्यावर अंडी घालतं, परांनी सतत वारा घालतं आणि जवळ येणाऱ्यावर तुटून पडतं. काचेवर बोट ठेवलं तर बोटावरही. ते पाहिलं आणि या माशांना छोट्या जागेत ठेवणं मला पाप वाटू लागलं.

म्हणून टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. वरून थोडी रिकामी ठेवली तरी तिच्यात सव्वासहाशे लिटर पाणी मावतं. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन सव्वा क्विंटलाच्या आसपास. त्यावर वाळू, दगड. सगळं मिळून आठ क्विंटल आणि तेही बारा चौरस फुटांवर. जुन्या घरातल्या लाकडी माडीवर हे ओझं कधीच ठेवू नका. तळमजला, पक्की फरशी, लोखंडी अँगलचा स्टँड आणि मिस्त्री वापरतात त्या पाण्याच्या पाइपने चारही कोपऱ्यांची लेव्हल. काच आणि स्टँड यांच्यामध्ये थर्माकोल. स्टँड एका बाजूला जरासा कलला तरी सगळा ताण एका सांध्यावर येतो. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो तोवर ते वाळलेलं नसतं. आठवडाभर वाळू द्यायचं, मग टाकी अंगणात भरून तीन दिवस तशीच ठेवायची. घरात फुटली तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक पाळतात ते. टाकी भरली की त्याच दिवशी मासे सोडायचे नाहीत.

शेतकऱ्याला याचं कारण पटकन कळेल. आपण बागेत युरिया टाकतो. मातीत त्याचा अमोनिया होतो, जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मग ते झाड घेतं. टाकीतही हेच चालतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो साचला तर मासा मरतो. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट बरंच सौम्य. हे काम करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना खाऊ घालायचं. मी शुद्ध नवसागर वापरतो, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातला. सहाशे लिटरला चार ग्रॅम टाकले की लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. मग थेंबांच्या किटने रोज तपासायचं. एका दिवसात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो. त्यामुळे इथे घाई अधिकच महागात पडते. तेच जड पाणी मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडना, म्हणजे निकाराग्वाच्या तळ्यांतल्या जग्वारसारख्या माशांना, मानवतं. ऑस्करही त्यात रुळतो. नगर परिषदेच्या नळाचं पाणी असेल तर आधी हायपो टाकून क्लोरीन घालवावा लागतो.

दगड आधी टाकीच्या तळाशी घट्ट बसवावेत आणि मग वाळू ओतावी. हे मासे वाळू उपसतात. वाळूवर ठेवलेला दगड पायाखालची जागा गेली की थेट काचेवर पडतो. झाडं लावण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी ती पाण्यावर तरंगत असतात. वरचं झाकण मात्र हवंच, ऑस्कर उडी मारतो. हीटर मी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत ठेवतो, म्हणजे तो माशांच्या धडकेत फुटत नाही.

आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा हा यातला कठीण भाग. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सातच्याही खाली. त्यातच लाइट जाते. फिल्टर काही तास बंद पडला की जिवाणू गुदमरू लागतात. म्हणून एक छोटा हवेचा पंप कायम इन्व्हर्टरवर. मे महिन्यात सम्पवर टेबलफॅन सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पश्चिमेच्या भिंतीला टाकी लावू नये.

खाणं दाण्यांचं, आणि जोडीला आपल्याच गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं. फवारणीजवळचा वाफा असेल तर नाही. बाजारातले जिवंत छोटे मासे खाऊ घालण्याची हौस मी सोडून दिली. त्यांच्याबरोबर रोगही येतात.

आणि आता शेजारच्या मुलाला द्यायचं उत्तर. दर आठवड्याला मी दीडशे लिटर पाणी बदलतो, म्हणजे दहा बादल्या. ते पाणी नाल्यात जात नाही. नायट्रेटचं ते पाणी जंभेरीच्या रोपांच्या पिशव्यांना जातं. त्या रोपांना एरवी तेवढंच पाणी बोअरमधून द्यावं लागतं. फक्त माशांच्या आजारात टाकीत मीठ किंवा औषध घातलं असेल, तेव्हा ते पाणी रोपांना देत नाही. संत्र्याच्या कुळाला खारटपणा सोसत नाही. हे ऐकल्यावर तो मुलगा बादल्या उचलायला येऊ लागला.

एक विनंती मनापासून. मासे नकोसे झाले तर ते मोर्शीजवळच्या नल-दमयंती सागरात, नदीत किंवा गावतळ्यात सोडू नका. चिलापी एकदा आली ती राज्यभर पसरली. जग्वार किंवा फ्लॉवरहॉर्नसारखे सिक्लिड आपल्या स्थानिक माशांची पिल्लं खातील आणि त्यांना परत काढता येणार नाही. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

सुरुवात कधी करावी, असं विचारलं तर दसऱ्याला. पाऊस नुकताच सरलेला असतो, विहिरीला पाणी असतं, हवा ना फार गरम ना थंड, जिवाणू जोमाने वाढतात. दसऱ्याला पाणी भरा, नवसागर टाका. दिवाळीत घरचे विचारतील, मासे कुठे आहेत? त्यांना थांबायला सांगा. आंबिया बहाराची तोडणी सुरू असते, आपल्यालाही फुरसत नसते. दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पाच आठवडे होतात. त्या संध्याकाळी किट तपासायचं, हीटर लावायचा आणि पिशवीतलं दोन इंचांचं पिल्लू त्या सहा फुटांत सोडायचं.