माइलस्टोन ‘अर्धा’ का होत नाही?

आजचा विषय प्रोजेक्ट शेड्युलिंगचा. पण घाबरू नका, उदाहरण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचंच आहे.

आधी साधं गणित. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये ‘परसेंट कम्प्लीट’ दिवसांवर निघतं. झालेले दिवस भागिले एकूण दिवस, गुणिले शंभर. दहा दिवसांच्या कामातले चार झाले, की ४०%. आता माइलस्टोन म्हणजे सहसा शून्य दिवसांचं टास्क. ते काम नसतं, काम संपल्याची खूण असते. शून्याने भागणार कसं? म्हणून त्याला दोनच आकडे शोभतात: ० किंवा १००.

समजा, चिखलीत घर बांधताय. पाया २० दिवस, भिंती ३०, स्लॅब १०. शेवटी ‘स्लॅब भरला’ हा माइलस्टोन. पाया आणि भिंती झाल्या. ६० पैकी ५० दिवस, म्हणजे वरच्या समरी ओळीत ८३%. माइलस्टोन मात्र शून्य. पावसाळा तोंडावर असेल, तर कोणता आकडा खरा बोलतो? आणि हो, माइलस्टोनचे दिवस शून्य, म्हणून नुसत्या त्याच्यावर टिक केल्याने समरीचा टक्का हलत नाही.

आता समृद्धी बघा. एकूण ७०१ किलोमीटर. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाला. मे २०२३मध्ये भरवीरपर्यंत आणखी ८०, मार्च २०२४मध्ये इगतपुरीपर्यंत २५, आणि ५ जून २०२५ला आमणेपर्यंत उरलेले ७६. किलोमीटरच्या हिशोबाने ७४%, ८६%, ८९%, १००%.

पण मेहकरहून नागपूरला जाणाऱ्याचा माइलस्टोन पहिल्याच दिवशी १०० झाला. ‘नागपूर ते आमणे सलग रस्ता’ हा माइलस्टोन मात्र जून २०२५पर्यंत शून्यच होता. दोन्ही खरं! शिवाय ८९% नंतरचे ११% खुले व्हायला आणखी १५ महिने लागले. तिथे सह्याद्री होता, सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा होता. सगळे किलोमीटर सारख्या मेहनतीचे नसतात.

म्हणून लक्षात ठेवा. माइलस्टोनवर ५०% लिहू नका, त्याचे तुकडे करा. समृद्धीचे चार टप्पे झाले तसे. प्रत्येक तुकडा ० किंवा १००. प्रत्यक्ष काम मोजायचं असेल, तर त्यासाठी ‘फिजिकल परसेंट कम्प्लीट’ हा वेगळा कॉलम आहे. तो हाताने भरायचा, आणि कोणत्या कामाला किती वजन द्यायचं हे सुरुवातीलाच ठरवायचं. कारण बऱ्याच करारांत बिलाचा हप्ता माइलस्टोनला बांधलेला असतो. वजनं मागाहून ठरवायला बसलात, तर भांडणं ठरलेलीच.

उद्या साइटवर कुणी म्हणालं, “नव्वद टक्के झालं साहेब,” तर एवढंच विचारा: कशाचे नव्वद? दिवसांचे, पैशांचे की किलोमीटरचे? आणि मग पुढचा प्रश्न: माइलस्टोन झाला का? हो की नाही?

चला, भेटू पुढच्या भागात!