जुना ट्रॅक्टर आणि पुढचा लोडर

अमेरिकेत 1924 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने फार्मॉल ट्रॅक्टर बाजारात आणला. पिकाच्या ओळींमधून चालावा म्हणून त्याची पुढची चाके मधोमध, जवळजवळ बसवलेली होती. पुढे याच घराण्यातल्या फार्मॉल एमवर शेतकऱ्यांनी शेणखत आणि माती उचलायला लोडर चढवले. असे जुने ट्रॅक्टर आजही राबतात; पण कोळपणीसाठी घडवलेल्या यंत्राची मर्यादा ओळखूनच त्यांच्याकडून हे काम घ्यायला हवे. मागची दोन चाके आणि पुढचा एक आधार, अशा त्रिकोणावर हा ट्रॅक्टर तोललेला असतो. लोडरची भरलेली बादली वर उचलली की गुरुत्वमध्य उंच जातो आणि त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. मग उतारावर एखादे चाक खड्ड्यात गेले तरी ट्रॅक्टर कुशीवर उलटू शकतो.

कुणी म्हणेल, मागच्या पिढ्यांनी हेच तर केले. केले खरे, पण उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट त्या ट्रॅक्टरांवर नव्हती. काहीजण निभावले म्हणून धोका नव्हता असे होत नाही. रुंद पुढचा अ‍ॅक्सल मदत करतो, मात्र तोही मधल्या खिळीवर झुलतो, म्हणून झुलणे रोखणाऱ्या अडणीला टेकेपर्यंत आधार त्रिकोणाचाच राहतो. मागे वजन बांधणे आवश्यकच आहे, पण त्याने पाया रुंदावत नाही. म्हणून मागच्या चाकांतले अंतर वाढवा, बादली जमिनीलगत ठेवा, सपाट जागी सावकाश चाला आणि रोजचे जड काम त्यासाठीच बनलेल्या यंत्राला द्या. जुने यंत्र जपण्याआधी त्यावर बसणारा माणूस जपला पाहिजे.